दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दोन विमानतळांची नावे दिली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी साधने आज सहज मिळतात. त्यातला अंतराचा आकडा बहुधा बरोबर असतो, वेळेचा आकडा मात्र प्रादेशिक मार्गांवर बऱ्याचदा फसवा निघतो. याचे कारण असे की ही साधने सरळ अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात, आणि लांबच्या प्रवासात खपून जाणारी ही पद्धत तीनचारशे किलोमीटरच्या उड्डाणाला लावली की उत्तर वीस-पंचवीस मिनिटांनी चुकते. तासाभराच्या प्रवासात ही चूक फार मोठी आहे. म्हणून पुढे हा हिशेब पायरीपायरीने दिला आहे; त्यासाठी साधा गणकयंत्राचा वापर आणि शाळेतील त्रिकोणमितीची ओळख एवढे पुरेसे आहे.

पहिली पायरी : विमानतळ नेमका कोणता, हे निश्चित करावे

हिशेबाला शहराचे नाव घेऊ नये, विमानतळाचा संकेत घ्यावा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना म्हणजे आयाटा प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा संकेत देते आणि तिकिटांवर, सामानाच्या चिठ्ठ्यांवर तोच छापलेला असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा म्हणजे इकाओचा संकेत चार अक्षरी असून तो वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक वापरतात. एकाच नावाची शहरे जगात अनेक आहेत. हैदराबाद भारतात आहे आणि पाकिस्तानातही आहे; पहिल्याचा संकेत एचवायडी, दुसऱ्याचा एचडीडी. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसेच अमेरिकेच्या अलाबामा राज्यातही आहे. नाव टाकल्यावर यादीत आलेली पहिली ओळ निवडली तर हिशेब महासागराच्या पलीकडे जाऊ शकतो, पण ती चूक निदान लगेच लक्षात येते. लक्षात न येणारी चूक वेगळ्या प्रकारची असते. भारतातील हैदराबादचे व्यावसायिक उड्डाण २००८ साली बेगमपेठहून शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेले तेव्हा एचवायडी हा संकेतही नव्या जागी गेला आणि जुन्या विमानतळाला बीपीएम हा संकेत मिळाला. एखाद्या जुन्या तक्त्यात एचवायडीसमोर बेगमपेठचे अक्षांश-रेखांश राहिले असतील, तर उत्तर थोडेसेच चुकेल आणि म्हणूनच ते कोणी तपासणार नाही. विमानतळ अलीकडे स्थलांतरित झालेला असेल तर त्याचे स्थान नकाशावर धावपट्टी प्रत्यक्ष पाहूनच खात्री करून घ्यावे.

दुसरी पायरी : अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि दशांशात आणावेत

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि तो साधारणपणे धावपट्ट्यांच्या भौमितिक मध्याजवळ असतो. देशोदेशीच्या अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिकांत त्याचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे आणि सेकंद या रूपात छापलेले असतात. हिशेबासाठी त्यांचे दशांश रूप लागते : मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून ती बेरीज अंशांत मिळवावी. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील अक्षांश आणि ग्रिनिचच्या पश्चिमेकडील रेखांश ऋण लिहावेत.

पुढील सर्व हिशेबांसाठी आपण दोन काल्पनिक विमानतळ घेऊ. ‘क’ विमानतळ ४३ अंश ४५ मिनिटे उत्तर आणि ५ अंश ३० मिनिटे पूर्व येथे आहे. ‘ख’ विमानतळ ४६ अंश १५ मिनिटे उत्तर आणि ९ अंश ३० मिनिटे पूर्व येथे आहे. दशांशात ‘क’चे स्थान ४३.७५ आणि ५.५ होते, ‘ख’चे ४६.२५ आणि ९.५ होते. नवशिक्यांची ठरलेली चूक येथेच होते : ४५ मिनिटांना .४५ आणि १५ मिनिटांना .१५ लिहिले जाते. तसे केल्यास अक्षांशांतील फरक २.५ ऐवजी २.७ अंश येतो आणि अंतर सुमारे १५ किलोमीटरने वाढते. गंमत अशी की रेखांशांत हीच चूक केली तर ५.३० आणि ९.३० यांतील फरक चारच अंश राहतो, कारण दोन्हीकडची चूक एकमेकींना खाऊन टाकते. त्यामुळे एखाद्या उदाहरणात उत्तर जुळले म्हणून रूपांतर बरोबर झाले असे समजू नये.

तिसरी पायरी : सरळ हवाई अंतर काढावे

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच असते अशा वर्तुळावरून, जातो. पृथ्वी हा गोल मानून, त्याची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून हे अंतर काढण्याच्या रीतीला हॅवरसाइन सूत्र म्हणतात. ते शब्दांत असे सांगता येते : अक्षांशांतील फरकाच्या निम्म्याची ज्या (साइन) काढून तिचा वर्ग करावा, रेखांशांतील फरकाच्या निम्म्याच्या ज्येचा वर्ग करून त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांनी (कोसाइन) गुणावे, या दोन राशींची बेरीज करावी, बेरजेचे वर्गमूळ घ्यावे, त्या वर्गमूळाची व्यस्त ज्या (आर्कसाइन) रेडियनमध्ये काढावी आणि तिला त्रिज्येच्या दुपटीने, म्हणजे १२७४२ ने गुणावे.

आपल्या उदाहरणात अक्षांशांचा निम्मा फरक १.२५ अंश असल्याने पहिली राशी ०.०००४७६ येते. रेखांशांचा निम्मा फरक २ अंश असून त्याच्या ज्येचा वर्ग ०.००१२१८ आहे, दोन अक्षांशांच्या कोज्यांचा गुणाकार ०.४९९५ असल्यामुळे दुसरी राशी ०.०००६०८ होते. बेरीज ०.००१०८४, तिचे वर्गमूळ ०.०३२९३, त्याची व्यस्त ज्याही जवळपास तेवढीच, आणि अंतिम उत्तर सुमारे ४२० किलोमीटर. संगणकावरील तक्त्यात हे सूत्र मांडताना तेथील त्रिकोणमितीय क्रिया अंशांत नव्हे तर रेडियनमध्ये चालतात हे ध्यानात ठेवावे आणि प्रत्येक कोनाला आधी ०.०१७४५३३ ने गुणून घ्यावे. ही काळजी न घेतल्यास तक्ता कोणतीही तक्रार न करता हजारो किलोमीटरचे उत्तर देतो.

इतक्या कमी अंतरासाठी आणखी एक सोपी रीत आहे आणि मी तर पडताळ्यासाठी नेहमी तीच सुचवीन. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवांकडे जाताना अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात आकसतो. ४५ अंश अक्षांशावर तो ७८.६ किलोमीटर उरतो. म्हणजे ‘ख’ हा ‘क’पासून उत्तरेला २.५ गुणिले १११.२, अर्थात २७८ किलोमीटर, आणि पूर्वेला ४ गुणिले ७८.६, अर्थात ३१४.४ किलोमीटर आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण पुन्हा ४२० किलोमीटरच येतो. रेखांशांचे आकसणे विसरून १११.२ नेच गुणले असते तर उत्तर ५२४ किलोमीटर आले असते. दोन्ही रीतींची उत्तरे एकदोन किलोमीटरच्या फरकाने जुळली नाहीत, तर कोठेतरी अंकलेखनाची चूक आहे असे खुशाल समजावे.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६३५७ किलोमीटर आहे. याचा विचार करणारी अधिक काटेकोर सूत्रे आहेत, त्यांतील थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली मांडलेले सूत्र विशेष वापरात आहे. परंतु गोल मानल्यामुळे येणारी चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे आपल्या उदाहरणात दोनेक किलोमीटर. विमान प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट वळसा घेते. तेव्हा दशांश चिन्हानंतरचे आकडे मिरवण्यात अर्थ नाही.

एककांबाबत मात्र सावध राहावे. विमान वाहतुकीत अंतर नॉटिकल मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला नॉटिकल मैलांत, सांगतात. एक नॉटिकल मैल नेमका १८५२ मीटर आहे. ही व्याख्या १९२९ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. जमिनीवरचा मैल १६०९.३४४ मीटरचा आहे. आपले ४२० किलोमीटर म्हणजे २२७ नॉटिकल मैल, किंवा जमिनीवरचे २६१ मैल. कोणी नुसते २६१ ‘मैल’ लिहिले आणि वाचणाऱ्याने ते नॉटिकल समजून किलोमीटरमध्ये फिरवले, तर ४८३ किलोमीटर होतात.

चौथी पायरी : सरळ अंतरात वळसा मिळवावा

विमान एका संदर्भबिंदूवरून दुसऱ्या संदर्भबिंदूकडे सरळ जात नाही. उड्डाण शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून करायचे असते, त्यामुळे गंतव्य पूर्वेला असतानाही विमान पश्चिमेकडे झेपावते आणि मग वळते. उतरतानाही तसेच : उपकरणांच्या साह्याने उतरायचे असल्यास विमानाला धावपट्टीच्या रेषेत साधारण १५ ते २० किलोमीटर आधी यावे लागते, आणि धावपट्टीचे वापरातील टोक पलीकडच्या बाजूला असेल तर विमानतळ ओलांडून जाऊन परत फिरावे लागते. यांखेरीज हवाई मार्गांची आखणी, लष्करासाठी राखलेले आकाश, डोंगररांगा आणि पावसाळी ढगांना दिलेली बगल असतेच.

हा वळसा टक्केवारीत धरण्याची पद्धत रूढ आहे, पण छोट्या मार्गांसाठी ती मला योग्य वाटत नाही. निघताना आणि उतरताना पडणारा फेरा मार्ग २०० किलोमीटरचा असो की ६०० किलोमीटरचा, जवळपास तेवढाच राहतो. म्हणून ठोक आकडा मिळवावा : साधा, मोकळा मार्ग असेल तर २० किलोमीटर, गजबजलेले किंवा डोंगराळ क्षेत्र असेल तर ५० किलोमीटर. आपण ३५ किलोमीटर मिळवू आणि प्रत्यक्ष उडण्याचे अंतर ४५५ किलोमीटर धरू. सपाट नकाशावरची सरळ रेघ आणि बृहद्वृत्त यांतील फरकाची चिंता येथे करू नये. महासागरापलीकडच्या प्रवासात तो शेकडो किलोमीटरचा असू शकतो, एवढ्याशा मार्गावर त्याला व्यवहारात किंमत नाही.

पाचवी पायरी : विमान कोणते, आणि त्याचा कोणता वेग

प्रादेशिक मार्गांवर साधारण दोन प्रकारची विमाने दिसतात. पंख्यांची टर्बोप्रॉप विमाने हा एक प्रकार : एटीआर ७२ सुमारे ५०० किलोमीटर प्रतितास वेगाने समतल उड्डाण करते, तर डॅश ८ क्यू ४०० त्याहून वेगवान असून साडेसहाशेच्या आसपास जाते. दुसरा प्रकार जेट विमानांचा, मग ती एम्ब्राएरची प्रादेशिक जेट असोत किंवा एअरबस ए ३२० सारखी मोठी विमाने. त्यांचा वेग आठशेच्या वर असतो. जेटचा वेग पुष्कळदा मॅक अंकात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पटीत, दिलेला असतो. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. प्रमाण वातावरणात ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते आणि तेथे ध्वनी तासाला सुमारे १०६२ किलोमीटर जातो, मॅक ०.७८ म्हणजे त्या उंचीवर साधारण ८२८ किलोमीटर प्रतितास. समुद्रसपाटीचा ध्वनिवेग, जो सुमारे १२२५ किलोमीटर प्रतितास आहे, तो घेऊन गुणाकार करणे चूक आहे.

हे सर्व वेग समतल उड्डाणाचे आहेत, ठरलेली उंची गाठल्यानंतरचे. त्याआधी आणि त्यानंतर विमान बरेच हळू असते, आणि अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ४६३ किलोमीटर प्रतितास, ही दर्शक वेगाची, म्हणजे विमानातील वेगमापक दाखवतो त्या वेगाची, मर्यादाही असते. म्हणून एका वेगाने भागाकार न करता उड्डाणाचे तीन तुकडे करावेत.

सहावी पायरी : चढण, समतल उड्डाण आणि उतरण वेगवेगळी मोजावी

प्रथम टर्बोप्रॉप घेऊ. ते आपल्या मार्गावर १७,००० फुटांपर्यंत चढते असे धरू. मिनिटाला सरासरी १००० फूट या दराने चढायला १७ मिनिटे लागतात आणि त्या काळात सरासरी ३७० किलोमीटर प्रतितास वेगाने १०५ किलोमीटर अंतर कापले जाते. उतरण्यासाठी वैमानिकांचा जुना आडाखा असा की दर १००० फुटांमागे तीन नॉटिकल मैल ठेवावेत. म्हणजे १७,००० फुटांसाठी ५१ नॉटिकल मैल, साधारण ९५ किलोमीटर. या भागातले शेवटचे वीसेक किलोमीटर धावपट्टीच्या रेषेत अगदी कमी वेगाने जातात, म्हणून त्याला १५ मिनिटे द्यावीत. उरले २५५ किलोमीटर. ५०० च्या वेगाने त्यांना ३१ मिनिटे लागतात. एकूण हवेतला वेळ ६३ मिनिटे झाला. सरळ अंतराला समतल वेगाने भागले असते तर ५० मिनिटे आली असती.

आता तोच मार्ग जेटने पाहू. ते ३०,००० फुटांपर्यंत चढते असे धरल्यास चढणीला १६ मिनिटे आणि सुमारे १८५ किलोमीटर लागतात. तीन नॉटिकल मैलांच्या आडाख्याने उतरणीला ९० नॉटिकल मैल, म्हणजे १६७ किलोमीटर हवेत, आणि त्यांना १९ मिनिटे जातात. ४५५ मधून हे दोन्ही वजा केले की समतल उड्डाणासाठी जेमतेम १०३ किलोमीटर उरतात, ज्यांना आठ मिनिटेही पुरतात. एकूण ४३ मिनिटे. जेटचा समतल वेग टर्बोप्रॉपच्या दीडपटीहून जास्त असूनही बचत फक्त वीस मिनिटांची झाली, कारण तो वेग वापरायला जागाच नव्हती. तीनचारशे किलोमीटरच्या मार्गांवर टर्बोप्रॉप टिकून राहण्यामागे इंधनाच्या बचतीबरोबर हेही एक कारण आहे. मार्ग आणखी छोटा असेल तर जेट ३०,००० फुटांपर्यंत चढतच नाही, आणि खालच्या दाट हवेत त्याचे इंधन अधिक जळते.

याचे टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधील नियमित उड्डाण जगातील सर्वांत छोटे मानले जाते. अंतर सुमारे २.७ किलोमीटर, वेळापत्रकातील वेळ दोन मिनिटे आणि विक्रम ५३ सेकंदांचा. त्या विक्रमी उड्डाणातही सरासरी वेग ताशी १८३ किलोमीटरच्या आसपासच पडतो. तेथे समतल वेगाने भागाकार करण्याचा विचारही कोणी करणार नाही. मात्र ४२० किलोमीटरच्या मार्गावर तोच विचार बिनदिक्कत केला जातो.

सातवी पायरी : वारा

विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो आणि हवा स्वतः जमिनीवरून सरकत असते. समोरून येणारा वारा विमानाच्या वेगातून वजा करावा, पाठीमागून येणारा मिळवावा. हवामानाच्या अहवालात वाऱ्याची दिशा तो जेथून येतो ती दिलेली असते, हे लक्षात ठेवले नाही तर बेरजेची वजाबाकी होते. वारा तिरका असेल तर त्याच्या वेगाला मार्ग आणि वारा यांच्यामधील कोनाच्या कोज्येने गुणावे : ६० किलोमीटरचा वारा समोरून ६० अंशांच्या कोनात येत असेल तर वेगातून ३० किलोमीटर जातात. अगदी काटकोनातला वाराही निरुपद्रवी नसतो, कारण मार्गावर राहण्यासाठी विमानाला नाक वाऱ्याकडे वळवावे लागते. ५०० च्या वेगाने जाणाऱ्या विमानाला १०० किलोमीटरचा काटकोनी वारा लागला तर जमिनीवरचा वेग ४९० वर येतो.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की जाताना वाऱ्याने घेतलेला वेळ येताना परत मिळतो. समतल उड्डाणाचा ६०० किलोमीटरचा तुकडा घ्या. वारा नसताना ५०० च्या वेगाने जाऊन येण्यास २ तास २४ मिनिटे लागतात. १०० किलोमीटरचा वारा असताना जाताना ४०० च्या वेगाने दीड तास आणि येताना ६०० च्या वेगाने एक तास, असे अडीच तास होतात. नुकसान होतेच, कारण विमान मंद गतीत जास्त काळ राहते. आपल्या ‘क’ ते ‘ख’ मार्गावर समतल उड्डाण अर्ध्या तासाचेच असल्याने ६० किलोमीटरचा समोरचा वारा त्या भागात चार मिनिटेच वाढवतो. चढण-उतरणीतला परिणाम धरून सातआठ मिनिटांची तरतूद पुरेशी होते. टर्बोप्रॉप कमी उंचीवर उडत असल्याने जेट प्रवाहांसारखे प्रचंड वारे त्यांच्या वाट्याला क्वचित येतात, पण त्यांचा स्वतःचा वेग कमी असल्यामुळे तेवढ्याच वाऱ्याचा फटका त्यांना जास्त बसतो.

आठवी पायरी : जमिनीवरचा वेळ आणि वेळापत्रक

वेळापत्रकात छापलेला वेळ हवेतला वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा तो वेळ असतो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. छोट्या विमानतळांवर धावपट्टीपर्यंत जायला आणि तेथून यायला प्रत्येकी पाच मिनिटे पुरतात. मोठ्या, वर्दळीच्या विमानतळावर हा वेळ पंधरा-वीस मिनिटांवर जातो. आपल्या टर्बोप्रॉपच्या ६३ मिनिटांत दहा मिनिटे मिळवली की ७३ मिनिटे होतात, जेटची ५३ होतात. यावरून टर्बोप्रॉपसाठी एक उपयोगी आडाखा तयार होतो : सरळ अंतराला ५०० ने भागून येणाऱ्या वेळेत २३ ते २५ मिनिटे मिळवावीत. हा आडाखा दोन्ही टोकांना छोटे विमानतळ असतानाचा आहे.

विमान कंपन्या यावर आणखी थोडा वेळ राखून ठेवतात. नियोजित वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आले असे धरण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, तरीही वेळापत्रकात सैलपणा ठेवला की वेळेवर पोहोचण्याचे प्रमाण चांगले दिसते. त्यामुळे तुमच्या ७३ मिनिटांसमोर वेळापत्रकात ८० किंवा ८५ मिनिटे दिसली तर तुमचा हिशेब चुकला असे मानू नये.

सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक प्रमाणवेळेत छापतात. दोन्ही विमानतळ वेगळ्या प्रमाणवेळेत असतील तर दोन्ही वेळा आधी जागतिक समन्वित वेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. १०:१० ला सुटून १२:२० ला पोहोचणारे विमान पूर्वेकडील, एक तास पुढे असलेल्या क्षेत्रात जात असेल तर त्याचा प्रवास २ तास १० मिनिटांचा नसून १ तास १० मिनिटांचा आहे. सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. भारताची वेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तासांनी आणि नेपाळची पावणेसहा तासांनी पुढे आहे. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो.

नववी पायरी : थेट विमान आहे का, हे पाहावे

हा प्रश्न खरे तर अगदी आधी विचारायला हवा. दोन प्रादेशिक विमानतळांमध्ये थेट सेवा असतेच असे नाही, आणि अंतर सांगणारी साधने सेवा नसतानाही उड्डाणाचा वेळ दाखवतात. प्रत्यक्षात प्रवासी एखाद्या मोठ्या विमानतळावर उतरून दुसरे विमान पकडतो. समजा ‘क’ पासून तो मोठा विमानतळ ३०० किलोमीटरवर आणि तेथून ‘ख’ ३३० किलोमीटरवर आहे. आपल्या आडाख्याने पहिल्या टप्प्याला ५९ आणि दुसऱ्याला ६३ मिनिटे लागतील. मोठ्या विमानतळावरचा जमिनीवरचा जादा वेळ निराळाच. दोहोंच्या मध्ये विमान बदलायला ७५ मिनिटे धरली तर एकूण ३ तास १७ मिनिटे झाली. अंतर दीडपट झाले आणि वेळ पावणेतीनपट झाला, कारण चढण, उतरण आणि धावपट्टीपर्यंतची ये-जा सगळे दोनदा करावे लागले. जोडउड्डाणाचा वेळ काढताना दोन टप्प्यांची अंतरे एकत्र करून एकदाच भागाकार करू नये. प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र हिशेब मांडावा आणि विमानतळाने ठरवलेला विमानबदलाचा किमान वेळ त्यात घालावा.

रस्त्याशी तुलना करायची असल्यास विमानतळावर लवकर पोहोचण्याचा वेळ, बाहेर पडण्याचा वेळ आणि दोन्ही टोकांचा रस्ता हिशेबात आणावा. यांसाठी अनुक्रमे ९०, २० आणि दोन्हीकडे मिळून ८० मिनिटे धरली, तर आपल्या ७३ मिनिटांच्या उड्डाणाचा घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ ४ तास २३ मिनिटे होतो. सरळ ४२० किलोमीटर रस्त्याने साधारण साडेपाचशे होतील असे मानले आणि सरासरी वेग ताशी ७० किलोमीटर धरला, तर गाडीला पावणेआठ तासांहून थोडे अधिक लागतील. अंतर १५० किलोमीटर असते तर विमानाला ३ तास ५१ मिनिटे आणि गाडीला पावणेतीन तास लागले असते.

दहावी पायरी : प्रत्यक्ष उड्डाणांशी ताडून पाहावे

थेट सेवा असेल तर काढलेले उत्तर प्रत्यक्ष उड्डाणांशी पडताळून पाहणे आज सोपे आहे, कारण बहुतेक प्रवासी विमाने आपले स्थान सतत प्रसारित करतात आणि उड्डाणांचा मागोवा ठेवणाऱ्या सेवा ते नोंदवून ठेवतात. एकाच दिवसाच्या नोंदीवर विसंबू नये. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी घ्याव्यात, जाण्याच्या आणि येण्याच्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि त्यांची सरासरी न काढता चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा, म्हणजे खराब हवामानात तासभर घिरट्या घातलेल्या एखाद्या उड्डाणाने सगळा हिशेब बिघडणार नाही. नोंदीतला वेळ धावपट्टी सोडल्यापासून टेकेपर्यंतचा आहे की जागेवरून हलल्यापासूनचा, हे आधी पाहावे. पहिला असेल तर त्याची तुलना ६३ मिनिटांशी करावी, दुसरा असेल तर ७३ शी.

फरक दोन्ही दिशांना सारखाच जास्त येत असेल तर वळसा कमी धरला गेला आहे, किंवा विमानाचा प्रकार चुकला आहे. एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी येत असेल तर कारण वारा आहे. अशा वेळी वेगवेगळ्या ऋतूंतील नोंदी पाहाव्यात, कारण वाऱ्याची प्रचलित दिशा ऋतूनुसार बदलते. हवेतला वेळ जुळतो पण ब्लॉक टाइम जुळत नाही, असे दिसल्यास जमिनीवरची दहा मिनिटे त्या विमानतळासाठी अपुरी आहेत, आणि तेवढाच आकडा दुरुस्त करून बाकीचा हिशेब जसाच्या तसा ठेवावा.